हरकत असल्यास पंधरा दिवसांत

३ फेब्रुवारी, सोमवार

हेडमास्तर,

आशीर्वाद वरती लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. मुद्दाम लिहिला नाही. आधी वाच, मग बघू.

फोन तू उचलत नाहीस. भुंगा म्हणाला, तू माझा नंबर अडवून ठेवलास, आता शंभरदा लावला तरी तुझ्याकडे वाजणार नाही. बरं. पत्र काही अडवता येत नाही. म्हणून घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. शिपाई सगळ्या मास्तरांच्या देखत तुझ्या टेबलावर ठेवील आणि पाकिटावर माझं हे कोंबडीच्या पायाचं अक्षर दिसेल. फाडायचं तर त्यांच्यासमोर फाड. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढी अक्कल आहे.

तुझं मूल माझ्याकडे आहे, येत्या मे महिन्यात दोन वर्षं होतील. तू दाराबाहेर काढलंस तेव्हा एक बॅग आणि पान्यांची पेटी घेऊन आला. बॅग हलकी होती, पेटी जड. तू 'ती' म्हणशील, म्हण बापडा. मी 'तो' म्हणते. 'आली-गेली'चं 'आला-गेला' करायला मला पंधरा दिवस लागले, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तू एकावन्नाचा. हाक मारायला तर काहीच अडलं नाही, कारण पाळण्यात सारखा घूं घूं करायचा तेव्हापासून मी त्याला भुंगाच म्हणते.

आता कामाचं. भुंग्याने लिफ्ट दुरुस्तीचा कोर्स केला, त्यात पहिला आला. मोठ्या इस्पितळात आठ लिफ्ट आहेत, त्यांच्यावर देखरेख करायची नोकरी त्याला मिळालीय. मिळालीय म्हणजे मिळता मिळता लटकलीय. पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने कार्ड बघितलं, मग तोंड बघितलं. कार्डावर तू ठेवलेलं नाव आणि पुढे 'स्त्री'. तोंडावर दाढी. "कुणाचं कार्ड उचललंस रे?" म्हणाला, आणि चाळीस मिनिटं बाजूला उभं केलं, येणारेजाणारे बघतायत. तिथला साहेब बिचारा बरा निघाला. म्हणाला, "एकतीस मार्चपर्यंत कार्ड बदलून आण, तोवर जागा धरून ठेवतो. पुढे मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

डॉक्टरचा कागद त्याच्याकडे आहे. दोनच गोष्टी कमी आहेत. जन्माचा मूळ दाखला, जो तुझ्या लोखंडी कपाटात वरच्या खणात निळ्या फायलीत आहे. आणि आईबापाची किंवा रक्ताच्या थोरल्या माणसाची सही, की हा माणूस आम्ही जन्मापासून ओळखतो आणि जुन्या नावाचा अन् नव्या नावाचा माणूस एकच आहे.

दिवसाला चाळीस पोरांचे दाखले खरे आहेत म्हणून तू सही ठोकतोस. एकेचाळिसावी कर.

आई


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हेडमास्तर,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, दीड ओळ. 'जे नाव मी ठेवलं त्या नावाची मुलगी मला होती. या नव्या नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही.' खाली सही, आणि सहीखाली शाळेचा शिक्का! अरे, आईला चिठ्ठी लिहिताना शिक्का मारलास? जावक क्रमांकही टाकायचा होतास.

मी ती बटणांच्या डब्याखाली लपवून ठेवली. भुंग्याला सापडली. बसून माझ्या शिलाई मशीनचा पट्टा बदलला. पट्टा चांगला होता.

'हे खूळ कॉलेजात शिरलं', असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस म्हणून कानावर आलं. तर आता ऐक, जे मी चौदा वर्षं पोटात ठेवलंय. तो नऊ वर्षांचा होता, सुट्टीत माझ्याकडे आला होता. शाळेचा शर्ट घेऊन माझ्या मशीनपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, याची बटणं या बाजूची त्या बाजूला कर." तुला माहीत नसेल, तुम्ही नुसते घालता. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या पट्टीवर आणि काजं डाव्या. बायकांच्याला उलट. मी एकतीस वर्षं कारखान्यात गणवेशाला काजं केली, मला डोळे मिटून कळतं. पण नऊ वर्षांच्या पोराच्या हे कसं लक्षात आलं? मी विचारलं, "का रे?" तेव्हा 'रे' म्हटलं की 'गं', आता आठवत नाही. तो म्हणाला, "हा शर्ट माझा नाहीये. माझ्यासारखा कर."

मी केला. काजं बुजवली, नवी पाडली, बटणं हलवली. दिवसभराचं काम होतं. नंतर तुझ्या बायकोच्या लक्षात आलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या जुन्या कारखान्यातला बिघडलेला माल आहे, ओळखीने फुकट मिळाला. सपशेल खोटं. पुढे दर वर्षी शाळा उघडायच्या आधी दोन शर्ट माझ्याकडे यायचे, आणि दर वर्षी कारखान्यातला माल बिघडायचा.

लगेच मला देवी करून बसवू नकोस. तो सोळाचा झाला आणि मला सगळं नीट सांगायला आला, तेव्हा मीच म्हटलं होतं, "हे डोक्यातून काढून टाक, चार लोक काय म्हणतील." शर्टापर्यंत चालतं, पुढचं नको, असा माझा हिशेब. सहा महिने फिरकला नाही. मग मीच गेले. तू त्या दिवशी दार उघडून म्हणालास, "अचानक कशी आलीस?" अचानक नव्हते आले. माफी मागायला आले होते, ती तुझी नव्हती.

तुझ्या सहीची वाट बघत नाही. थोरल्या माणसाची सही चालते म्हणालेत ना? मी थोरली आहे. दाखला तेवढा पाठव.

आई


२७ फेब्रुवारी, गुरुवार

हेडमास्तर,

हसायचं असेल तर हसून घे, आज तुझ्या आईची फजिती झाली.

नाव बदलायच्या कचेरीत गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. भुंग्याच्या हाताला खाज सुटली, म्हणाला दहा मिनिटांत चालू करतो. मी म्हटलं, आधी तुझी गाडी चालू करू. जिन्यात दोनदा बसले. खिडकी नंबर सातवर एक चष्मेवाली पोरगी आहे, चष्मा कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही. तिने माझं कार्ड घेतलं, दुसरा पुरावा म्हणून पेन्शनचं पुस्तक घेतलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

"आजी, कार्डावर एक नाव आहे, पुस्तकावर दुसरं."

"दोन्ही माझीच."

"पुरावा?"

"ही काय मी समोर उभी आहे."

"तसं चालत नाही हो. कागदावर तुम्ही दोन बायका आहात."

"मग दोघींच्या सह्या घे. एकीची कमी पडत होती, आता जास्तच झाली."

मागे रांगेतले हसले. भुंगा इतका हसला की खाली बसला. ती पोरगीही हसली, पण कागद परत केले. ज्या बाईला स्वतःची ओळख पटवता येत नाही तिने दुसऱ्याची ओळख पटवून कशी द्यायची? तिचं चुकलं नाही.

ही दोन नावं कुठून आली ते तुला ठाऊक आहे. जगात तुलाच ठाऊक आहे, म्हणून तर लिहितेय. लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आत्याचं नि माझं नाव एकच निघालं. तुझी आजी म्हणाली, एका घरात एका नावाला दोघी ओ देतील, घोटाळा होईल. झालं, दुसऱ्या दिवसापासून माझं नाव बदललं. कुणाला विचारायचं नाही, पेपरात द्यायचं नाही, पंधरा दिवसांची मुदत नाही. आत्या लग्न होऊन गेली, तिचं नाव तिच्याबरोबर गेलं, माझं काही परत आलं नाही.

तू दोन वर्षांचा असताना कारखान्यात लागले. मुकादमाने वही उघडून नाव विचारलं आणि माझ्या तोंडून माझंच निघून गेलं. आईबापाने ठेवलेलं. त्याने लिहिलं. मी म्हणू शकले असते की थांबा, चुकलं. नाही म्हटलं. एकतीस वर्षं सकाळी आठ ते पाच मी ती होते आणि साडेपाचला घराची कडी वाजवली की दुसरी.

तू सात वर्षांचा असताना फाटकापाशी मला घ्यायला आलास. आतून कुणीतरी मला हाक मारली, मी ओ दिली. तू माझं बोट धरून घरी निघालास. मग विचारलंस, "तुला तसं का म्हणतात?" मी म्हटलं, "तिथे मी ती असते. घरी सांगू नकोस." आणि तू नाही सांगितलंस. आजी दोन वर्षं खोदून खोदून विचारत होती की कारखान्यात काय काय चालतं, तुझ्या तोंडाला कुलूप. सात वर्षांचा असताना तुला जे कळत होतं ते शाळा चालवायला लागल्यावर कुठे गेलं?

सोबत एक फॉर्म आहे. हा भुंग्याचा नाही. माझा आहे. रक्ताच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं की या दोन नावांची बाई एकच आहे आणि ती माझी आई आहे. भुंग्याला तू ओळखत नाहीस, मान्य. मला ओळखतोस ना? फुलीच्या जागी सही कर. हवं तर शिक्का मार.

आई


९ मार्च, रविवार

हेडमास्तर,

फॉर्म परत आला. तीन घड्या घातलेला, कोरा. चिठ्ठी नाही, शिक्काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, उगीच.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मला पहिल्यांदा कळलं. मग चहा केला. भुंगा म्हणाला, "आजी, राहू दे. मी दुसरीकडे कुठेतरी लागेन, जिथे कार्ड बघत नाहीत." मी त्याला विचारलं, असं ठिकाण कुठलं? तो म्हणाला, "खाजगी मालक असतात, विचारत नाहीत. कमरेचा सुरक्षेचा पट्टा नीट नसला तरी चढ म्हणतात." चाळीस फूट खोल खड्ड्यावर, नाव नसलेला माणूस. पडला तर कुणाच्या नावाने शोधायचं? मी कप ठेवला आणि कातरला बोलावणं धाडलं.

कातर म्हणजे कारखान्यातली, कापणीच्या टेबलावरची. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा बारीक कापते म्हणून ते नाव. ती आणि जुना मुकादम, ज्याने माझं नाव वहीत लिहिलं तोच, दोघे परवा माझ्याबरोबर तीन मजले चढले. मुकादमाला दम लागला. कातर त्याला म्हणाली, "एकतीस वर्षं आम्हाला जिन्यावरून पळवलंत, आता चढा." खिडकी सातवर मुकादमाने शपथेवर लिहून दिलं की ही बाई याच नावाने आठच्या भोंग्याला हजर असायची. कातर म्हणाली, "आणि पाचला पळायची, तेही लिहा."

चष्मेवालीने मला विचारलं, "आजी, मग आता कार्डावर कुठलं नाव ठेवायचं? पुस्तकावरचं बदलून कार्डासारखं करायचं की कार्डावरचं पुस्तकासारखं?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांत एकदाही. भुंगा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "कार्ड बदल. पुस्तकावरचं नाव माझं आहे."

तर आता थोरली म्हणून त्याच्या कागदावर माझी सही चालली, आणि आजी आणि नातू दोघांनी अर्ज भरलाय. फरक इतकाच की त्याला 'स्त्री'चं 'पुरुष' करायचंय आणि माझं आहे तेच राहू दे म्हटलं. चष्मेवालीने विचारलं होतं हं, "बाकी काही बदलायचंय का?" म्हणून. कातर म्हणाली, "गुडघे."

आणि जन्माचा दाखलाही मिळाला, मूळ. तुझी निळी फाइल उघडून बघ, नसेल त्यात. कुणी आणून दिला ते मी सांगणार नाही. ती व्यक्ती चार तासांचा प्रवास करून आली, उंबऱ्याच्या आतही आली नाही, म्हणाली, "मी बाजारात गेलेय." भुंग्याच्या गालाला हात लावला, दाढी टोचली तसा हात मागे घेतला आणि मग पुन्हा लावला. लगेच निघाली. मोठा बाजार आहे तुमच्याकडे, चार तास लांब. त्या माणसाला घरात काही बोललास तर मी शाळेत येईन, प्रार्थनेच्या वेळी.

उद्या सोमवारी दोन्ही नोटिसा छापून येतील. तू ज्या पेपरात मागच्या पानापासून वाचायला लागतोस त्याच पेपरात दिल्यात, पान आठ. कचेरीच्या फळ्यावरही लावतात. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत खिडकी सातवर फॉर्म भरायचा. घरच्या माणसाची हरकत आली तर अर्ज चौकशीला जातो, आणि चौकशी सहा महिन्यांच्या आत उरकत नाही. म्हणजे एकतीस मार्च गेला, जागा गेली. चोवीस तारखेपर्यंत भुंग्याची नोकरी तुझ्या हातात आहे. लपवून काय उपयोग, तू हेडमास्तर आहेस, नियम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात.

मी विनवणी करणार नाही. हरकत घ्यायची तर स्वतः ये, तीन मजले चढ आणि दोघांवरही घे. नातवाने नाव बदललेलं चालत नसेल तर आईने बदललेलंही चालायला नको. मधलं काही नाही.

आई


२९ मार्च, शनिवार

हेडमास्तर,

काल दोन्ही कार्डं हातात आली.

पण आधी सोमवारचं सांगते, चोवीस तारखेचं. शेवटचा दिवस म्हणून कातरला घेऊन कचेरीत जाऊन बसले होते. भुंग्याला सांगितलं नव्हतं. खांबाच्या मागे बाक आहे, तिथे. चार वाजता तू आलास. करडा शर्ट, हातात फाइल, धाप लागलेली. फळ्यापाशी उभा राहिलास. पहिली नोटीस वाचलीस, मग चष्मा काढून पुसलास, मग खालची वाचलीस. माझी. तिच्यावर बोट ठेवलंस, पोरांना धडा वाचायला लावताना ठेवतात तसं, एकेका अक्षराखाली. खिडकीवर गेलास. काहीतरी मागितलंस. मग पुढच्या बाकावर बसून राहिलास, आमच्याकडे तिरकी पाठ करून, बराच वेळ. पेन काढलंस. टोपण लावलंस. परत काढलंस.

कातर मला ढोसत होती, "हाक मार की गं, पोटचा आहे." मी म्हटलं, "परीक्षेत कुणी सांगायचं नसतं. त्याचाच नियम आहे."

खोटं कशाला लिहू, दोन्ही हात पिशवीत कोंबून बसले.

पाचला दहा मिनिटं असताना तू उठलास आणि जिना उतरलास. मी खिडकीवर धावले, या गुडघ्यांनी. "कुणी हरकत घेतली का गं?" चष्मेवाली म्हणाली, "एक साहेब आले होते. फॉर्म घेऊन गेले. भरून दिला नाही." मग घड्याळाकडे बघितलं, पाच वाजू दिले, आणि ठप्प करून शिक्का मारला. आधी त्याच्या अर्जावर, मग माझ्या. तो आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असेल तर तू ऐकलाही असशील.

भुंग्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस, किंवा नाही सांगायचं.

काल कार्डं आणायला गेलो तेव्हा तिने पुकारा केला. भुंग्याचं नाव पुकारलं. नवीन नाव, मोठ्याने, साठ माणसांत. तो उठलाच नाही. मी कोपराने ढोसलं, "अरे, तुला बोलावतायत." "ऐकलं," म्हणाला, "अजून एकदा म्हणू दे." तिने परत पुकारलं. मग गेला. त्यानंतर माझं नाव पुकारलं तेव्हा मात्र मी पहिल्याच हाकेला उठले. माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

परवा सोमवारी तो कामावर हजर होतोय. त्याच फाटकावर तोच पहारेकरी आहे. शर्ट मी शिवलाय, बटणं उजवीकडे, यावेळी खोटं बोलावं लागलं नाही.

तो हरकतीचा फॉर्म अजून तुझ्याकडे असेल. कोरे फॉर्म टपालाने परत करायची तुझी पद्धत आहे, पण हा पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. तोंडाने जे काही म्हणायचंय ते इथे बसून म्हण, मीही माझं म्हणेन, आणि माझं लांबलचक आहे. एकटा येऊ नकोस. बाजारात जाणाऱ्या माणसाला बरोबर आण, तिला घर ठाऊक आहे.

आशीर्वाद आजही लिहिलेला नाही. घ्यायचा असेल तर यावं लागेल. दारावर भुंग्याने नवी पाटी बसवलीय, दोन नावांची, चार स्क्रू पिळून. हलणार नाही. कडी वाजव आणि पाटीवरचं कुठलंही एक नाव घेऊन हाक मार, दार उघडेल. जुनी नावं घेऊन हाका मारत बसलास तर बाहेरच उभा राहशील. त्या नावांचं इथे कुणी राहत नाही.

तुझी आई
(नाव पाटीवर आहे)